बेंगळुरूत सगळे मला सॉरी का म्हणत होते

बेंगळुरूला जायचं ठरलं ते आमच्या घरातल्या मायक्रोवेव्हमुळे.

म्हणजे झालं असं, की नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून मी हौसेनं घरी मायक्रोवेव्ह आणला. आई खूश, मी खूश. बाबांनी मात्र त्याला आजपर्यंत हात लावलेला नाही. त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: "त्यात अन्नाचं काही राहत नाही." मग मी त्यांना रेडिएशनचे प्रकार समजावते, पाण्याचे रेणू कसे हलतात त्याचे व्हिडिओ दाखवते. ते व्हिडिओ शेवटपर्यंत नीट बघतात, आणि उठून आमटीचं पातेलं गॅसवर ठेवतात.

एका संध्याकाळी मी वैतागून म्हटलं, "बाबा, तुम्ही सायन्सच्या विरोधात आहात."

ते म्हणाले, "आणि तू माझ्या."

त्यानंतर घरात जरा शांतताच होती. अशात केतकीचा फोन आला. केतकी माझी कॉलेजची मैत्रीण, दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, बेळ्ळंदूरला राहते. माझं सगळं रडगाणं ऐकून म्हणाली, "तुला वाद घालायची एवढी खाज आहे ना? मग इकडे ये. आमच्या जयनगरच्या कट्ट्यावर रविवारी वादच असतो. मराठीत. कॉफीसकट."

मी त्याच दिवशी बसचं बुकिंग केलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: पुण्याहून संध्याकाळची स्लीपर बस पकडली की सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत सकाळी बेंगळुरूत उतरता येतं. शुक्रवारचं तिकीट महाग असतं, म्हणून मी गुरुवारी निघाले. खालचा बर्थ घ्या, वरच्यावर घाटात लोळण फुगडी होते. आणि एक शाल ठेवा, कारण एसी कमी करायला सांगितलं की ड्रायव्हर हो म्हणतो आणि काहीच करत नाही.

सकाळी यशवंतपूरला उतरले. हवा अशी, की कोणीतरी शहराचं तापमान माझ्यासाठी सेट करून ठेवलंय. रिक्षावाल्याला बेळ्ळंदूर सांगितलं तर त्याला "हेळी" की काय म्हणायचं होतं, मला काही कळेना. शेवटी मी मोबाइलवर मॅप दाखवला. त्यानं बघितला आणि मान हलवून म्हणाला, "सरी, सरी."

मला इतकं भारी वाटलं. आपल्याकडे रिक्षावाला नाही म्हणतानासुद्धा तोंडाकडे बघत नाही, आणि हा माणूस फक्त कळलं नाही म्हणून दोनदा सॉरी म्हणाला.

मग हे दिवसभर चालू राहिलं. उभं राहून खायच्या हॉटेलात मी इडली-वडा मागितला, काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सरी." मी सांबार वेगळं द्या म्हटलं, "सरी." केतकीच्या सोसायटीच्या वॉचमनला माझं नाव सांगितलं, तोही "सरी". मी तर स्टेटसला टाकलं: "जगातलं सगळ्यात नम्र शहर. इथे लोक उगाचच सॉरी म्हणतात." चाळीसेक लाइक आले. एकानंही मला सांगितलं नाही. सगळे पुण्याचेच, त्यांना तरी काय माहीत. केतकी तर स्टेटस बघतच नाही.

बेळ्ळंदूर म्हणजे काचेच्या बिल्डिंगा, मध्ये तळं आणि बाकी ट्रॅफिक. केतकीच्या बाल्कनीतून आउटर रिंग रोड दिसतो. तिथे गाड्या पुढे जात नाहीत, नुसत्या वस्तीला असतात. पण शनिवारी सकाळी लवकर निघालो आणि लालबागला पोचलो, तेव्हा वाटलं की हे शहर दोन वेगळ्या लोकांनी बनवलंय. एवढाली झाडं, आणि त्यांच्याखाली चालणारे आजोबा लोक मोठमोठ्यानं वाद घालत होते. कन्नड येत नसूनही मला दोन शब्द कळले, "चॅटबॉट" आणि "डॉक्टर". केतकीला विचारलं तर तिनं कान लावला आणि म्हणाली, "त्या निळ्या स्वेटरवाल्यांनी डॉक्टरची चिठ्ठी चॅटबॉटला वाचायला दिली. बाकीचे म्हणतायत की डॉक्टरलाच का नाही विचारलं." मला तिथेच बसून राहावंसं वाटलं. इथे सायन्स बागेत फिरायला येतं.

लालबागेतून बाहेर पडताना पोटात जागा ठेवा. बेन्ने डोसा खायचाच, म्हणजे लोण्यातला डोसा. आणि कॉफी मागताना "बाय टू" म्हणायला शिका. एक कॉफी दोन पेल्यांत येते, कोणी तोंड वाकडं करत नाही. ज्यानं ही पद्धत काढली त्याचे आभार. दिवसाला सहा कॉफ्या प्यायल्या तरी तीनच होतात.

वाटेत केतकीनं मला कट्ट्याचा नियम सांगितला. "कोणालाही थेट विरोध करायचा नाही. आधी समोरच्याचं म्हणणं तू मांडायचं, त्याच्या वतीनं. त्याला पटलं की हेच माझं म्हणणं आहे, की तो तसं सांगतो. मग तुझा नंबर."

"आणि त्याला नाही पटलं तर?"

"तर परत मांड. एकदा एकानं तीन महिने घालवले होते, ऑनलाइन शाळेवर."

मी शाळेत इंग्लिश डिबेटमध्ये कप आणलेले आहेत. मला वाटलं, हे काय, दोन मिनिटांचं काम.

रविवारी दुपारी जयनगरला गेलो. झाडांनी झाकलेले रस्ते, जुने बंगले, आणि चौथ्या ब्लॉकच्या बाजारात फुलांपासून प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं. कट्टा भरतो तो सुमित्राअक्कांच्या घरी. अक्का सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेल्यापासून एकट्या राहतात. त्यांचं घराणं किती पिढ्यांपूर्वी इकडे आलं ते त्यांनाही नक्की सांगता येत नाही. मराठी घरात बोलतात, पण ती मराठी कन्नडच्या शेजारी इतकी वर्षं राहिली आहे की दोघींनी एकमेकींचे कपडे घातलेत.

"ये की ग, बस. पुण्याची काय तू? येणार म्हणून केतकी सांगितली होती." त्यांनी माझ्या हातात कॉफी दिली. "जपून, ऊन आहे."

मी खिडकीबाहेर बघितलं. आभाळ भरून आलं होतं. केतकी माझ्या कानात म्हणाली, "गरम आहे म्हणतायत." हे म्हणे आपल्याही मराठीत आहे, ऊन ऊन भात वगैरे. इंग्लिश मीडियमचा परिणाम, मला ऊन म्हणजे सनस्क्रीन.

सोबत एक खारी, वळवलेली, कुरकुरीत गोष्ट होती. मी म्हटलं, "अरे वा, कडबोळी."

"कोडबळे," अक्का म्हणाल्या. "कडबोळी तुमच्याकडे गेल्यावर झाली असेल."

खोलीत दहा-बाराजण होते, अर्धे अक्कांसारखे जुने, अर्धे केतकीसारखे लॅपटॉप घेऊन आलेले. मध्ये बसले होते गोपाळअण्णा, रिटायर्ड बँकवाले, कट्टा तेच चालवतात. आणि टीव्हीच्या खाली एक पांढरा खोका होता, अजून न फोडलेला. त्यावर कॅमेऱ्याचं चित्र.

खोका अक्कांच्या मुलानं आणला होता. रघूअण्णा बोम्मसंद्र्याच्या एका फॅक्टरीत आहेत, तिकडेच राहतात. आता मेट्रोची पिवळी लाइन झाल्यामुळे येणं सोपं झालंय, पण शिफ्ट असली की आठवडा आठवडा जमत नाही. गेल्या महिन्यात अक्का पहाटे बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या. फुलवाली आली, तिनं हाक मारली, आतून उत्तर नाही म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं. तोपर्यंत अक्का ओल्या फरशीवरच होत्या. हाड मोडलं नाही, एवढंच. त्यानंतर रघूअण्णांनी कॅमेरा आणला आणि अक्कांनी तो लावू दिला नाही. दोघं त्यावर इतकं भांडले होते की शेवटी अक्काच म्हणाल्या, कट्ट्यावर आणू, तिथे जे ठरेल ते दोघांनी ऐकायचं.

म्हणजे इतर वेळी असतो तसा नुसता टाइमपास वाद नव्हता. संध्याकाळी तो खोका एकतर फुटणार होता, नाहीतर परत जाणार होता.

"माझ्या बाजूनं दुसरं कोणीतरी बोला," रघूअण्णा म्हणाले. "मी बोललो की आवाज चढतो."

गोपाळअण्णांनी माझ्याकडे बघितलं. "पाहुणी बोलेल काय? कॅमेरा पाहिजे म्हणून?"

मी तर उड्याच मारत होते. असल्या कॅमेऱ्यांवर मी ब्लॉग लिहिलेला आहे. पडलेलं माणूस तो कसं ओळखतो, चेहरा ब्लर कसा करतो, सगळं तोंडपाठ.

"सरळ मुद्द्यावर येते," मी म्हटलं.

"आधी अक्कांचा मुद्दा," गोपाळअण्णा म्हणाले.

"हां. तर अक्कांचं म्हणणं असं आहे, की ही नवीन टेक्नॉलॉजी आहे आणि नव्या गोष्टींची साहजिकच भीती—"

"भीती कसली ग?" अक्का म्हणाल्या. "लाइटचं बिल मी मोबाइलवर भरते. गोपाळचंपण मीच भरते."

"ते कशाला सांगतेस," गोपाळअण्णा म्हणाले.

सगळे हसले. मी परत सुरू केलं. "अक्कांना प्रायव्हसीची काळजी आहे. व्हिडिओ कुठल्यातरी सर्व्हरवर जाणार, कोणीतरी हॅक करणार."

"माझा व्हिडिओ चोरून कोण काय बघणार? म्हातारी भाजी निवडते ते?"

"मग... अवघडल्यासारखं होतं? सारखं कोणीतरी बघतंय म्हणून?"

"स्वल्प जवळ आलीस." स्वल्प म्हणजे थोडं. मला तो शब्द फक्त स्वल्पविरामातून माहीत होता. इथे तो भाजीबरोबर मिळतो.

माझ्याकडचे मुद्दे संपले. डिबेटमध्ये समोरच्याला प्रश्न विचारायचा तो अडकवायला. इथे दुसरा काही उपायच नव्हता, म्हणून मी खरंच विचारलं. "अक्का, तुमचा दिवस कसा जातो?"

अक्का खुर्चीत मागे टेकल्या. मग सांगायला लागल्या. सकाळी दारात रांगोळी. फुलवाली येते, ती विचारते, झोप लागली काय. अकराला समोरची शांता गच्चीवरून विचारते, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. अजून झालेलं नसतं हे तिलाही माहीत असतं. दुपारी पोस्टमन आला तर तोही तेच विचारतो. "आणि संध्याकाळी रघूचा फोन. जेवलीस काय, गोळी घेतलीस काय, काय केलीस दिवसभर. मी सांगते. कधी खोटंपण सांगते."

मी हातातला कोडबळ्याचा तुकडा खाली ठेवला. मग म्हटलं, "अक्कांचं म्हणणं असं आहे, की कॅमेरा लावला तर रघूअण्णांना सगळं दिसेल. जेवल्या का, गोळी घेतली का, सगळं. मग ते बघतील आणि विचारणार नाहीत. अक्कांना कोणी बघण्याचा त्रास नाहीये. त्यांना विचारणं बंद होण्याची भीती आहे."

अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि हळू म्हणाल्या, "सरी."

एवढ्या मोठ्या बाईनं, स्वतःच्या घरात, आपल्यामुळे सगळ्यांना त्रास म्हणून माझी माफी मागावी? मी पटकन म्हटलं, "अहो अक्का, सॉरी कशाला म्हणता. तुमचं काहीच चुकलेलं नाही. उलट तुमचंच बरोबर आहे." आणि खाली बसले.

"झालं?" गोपाळअण्णांनी विचारलं.

"झालं."

"झालं म्हणजे काय?" रघूअण्णा म्हणाले. "माझं कोण बोलणार?"

केतकीनं कपाळाला हात लावला. "मृण्मयी, सरी म्हणजे सॉरी नाही. सरी म्हणजे ठीक, बरोबर. तू त्यांचं म्हणणं बरोबर मांडलंस, आता तुझा नंबर, एवढंच त्या म्हणाल्या. आणि तू माघार घेतलीस."

मला आधी तो रिक्षावाला आठवला. मग इडलीवाला, मग वॉचमन, मग माझं ते स्टेटस. सगळं मी बोलूनही गेले. मी तोंड लपवायला कॉफीचा पेला वर धरला, तो रिकामा होता. खोली इतकी हसली की शांता गच्चीवरून विचारायला लागली काय झालं. अक्का डोळे पुसत हसत होत्या. "सॉरी म्हणे. रिक्षावाला हिला सॉरी म्हणतो, बघ की."

फक्त रघूअण्णा हसत नव्हते. ते आईकडे बघत होते.

"अम्मा, हे मला कधी सांगितली नाहीस."

"तू विचारलास कुठे? तू खोकाच घेऊन आलास."

गोपाळअण्णांनी मला परत उभं केलं. म्हणाले, माघार सॉरीमुळे होती, धरणार नाही. पण माझे ब्लर-बिर सगळे मुद्दे आता मलाच फालतू वाटत होते. मी एवढंच म्हटलं, "शांता, फुलवाली, पोस्टमन, सगळे दिवसा विचारतात. त्या दिवशी पहाटे विचारायला कोणीच नव्हतं. रघूअण्णांना त्या वेळेचं काय करायचं ते सांगा."

आता नियमानं अक्कांची पाळी, मुलाचं म्हणणं मांडायची.

"तो मशीनवर उभा असतो," अक्का म्हणाल्या. "फोन लॉकरमध्ये. शिफ्ट सुटली की लॉकर उघडताना त्याचा हात थांबतो. आत काय मिस्ड कॉल असेल म्हणून. रोज थांबतो." मग त्याच्याकडे बघून, "बरोबर काय?"

रघूअण्णांनी हातातला फोन उलटा करून ठेवला. मग म्हणाले, "सरी." या वेळी मला अर्थ माहीत होता, तरी ते थोडं सॉरीसारखंच ऐकू आलं.

पुढचं फार पटकन झालं. केतकीच्या ऑफिसमधल्या एकानं स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून दाखवलं. माणूस पडला तर ते फोन लावतं, आणि बाजूचं बटण दाबलं तरी लावतं. अक्कांनी ते घालून बघितलं, दोनदा हात झटकला, बटण दाबलं. त्या मुलाच्या आईला नागपूरला फोन गेला. अक्कांनी तिलाही विचारलं, जेवण झालं काय.

"हे चालेल," त्या म्हणाल्या. "घड्याळ माझ्या हातात. कॅमेरा तुझ्या हातात. फरक तेवढाच आहे रघू. बाथरूममध्येपण घालते, मग तर झालं?"

"आणि खोका?"

"परत कर. पण फोन रोज करायचा. जेवलीस काय म्हणून विचारायचं. मी खोटं सांगितलं तरी विचारायचं."

निघताना रघूअण्णा आम्हाला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला आले, काखेत तो पांढरा खोका. मला म्हणाले, "थँक्स. तू नीट हरलीस." आयुष्यात मिळालेल्या सगळ्या कपांपेक्षा मला हे जास्त आवडलं. अक्कांनी कोडबळ्यांची पिशवी बांधून दिली होती. पुण्यात दाखव, म्हणाल्या, खरी कशी असतात ते.

सोमवारी संध्याकाळची परतीची बस. टिप: बेंगळुरू सोडताना पिकअप पॉइंटला तासभर आधी पोचा, आणि मॅप जे सांगेल त्यात अजून अर्धा तास मिळवा. वाटेत मी ते स्टेटस डिलीट करणार होते, मग ठेवून दिलं. माहिती चुकीची होती, पण मला तिथे जे वाटलं ते काही चुकीचं नव्हतं. मी तीन दिवस अनोळखी लोकांशी कारण नसताना जास्त चांगलं वागले, कारण मला वाटत होतं की ते माझ्याशी तसं वागतायत.

मंगळवारी बस लेट झाली, घरी पोचेपर्यंत दुपार. आई ऑफिसला. बाबा पेपर वाचत होते. मी फ्रीजमधून आमटी काढली, मायक्रोवेव्हचं दार उघडलं, आणि तशीच थांबले.

"बाबा, मी तुमचं म्हणणं मांडून बघू? बरोबर असेल तर सांगा."

"मांड," ते पेपरमधूनच म्हणाले.

"तुम्हाला रेडिएशनची भीती वाटते."

"माझं आयुष्य ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्यात गेलं. मला रेडिएशन शिकवू नकोस."

"मग जीवनसत्त्वं जातात."

"गॅसवरपण जातात."

एक वर्ष मी ज्याच्याशी भांडत होते ते हे नव्हतंच तर. मी दार बंद केलं. "मग अन्नाचं काय राहत नाही, बाबा?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. उठून माझ्या हातातलं भांडं घेतलं, पातेल्यात ओतलं, गॅस लावला. "तू उशिरा यायचीस ना, तेव्हा मी हे असं करायचो. ती तापेपर्यंत तू ओट्याला टेकून काय काय सांगायचीस. तुझ्या त्या मॅनेजरच्या नकला. आता टिंग वाजतं आणि तुझं दार लागतं." आमटी ढवळत म्हणाले, "हे सांगण्यासारखं काही नाही म्हणा."

मला उत्तर सुचलं होतं. मायक्रोवेव्हशेजारी उभं राहूनही बोलता येतं, हे मला नक्की माहीत होतं. आणि माझा नंबरही होता. पण मी ओट्याला टेकले. कोडबळ्यांची पिशवी सोडून त्यांच्यासमोर धरली, आणि म्हटलं, "सरी."

बाबा डाव्या हातानं एक उचलत म्हणाले, "अगं, सॉरी कशाला म्हणतेस?"

मीही एक उचललं. आमटी तापायला अजून वेळ होता.